संगणकाचा ठेका

गाण्याला सूर जितका आवश्यक, तितकाच तालही आवश्यक असतो. ताल धरण्यासाठी आपल्याकडे तबला, ढोलक, डफ अशी वाद्ये आहेत. पाश्चात्त्य संगीतात हे काम ड्रमचा संच करतो. या संचात पायाने वाजवायचा मोठा ढोल, काड्यांनी वाजवायचा 'स्नेअर' नावाचा ड्रम, 'हाय-हॅट' नावाची जोडझांज आणि इतर लहानमोठे ड्रम असतात. एकच वादक दोन हात व दोन पाय वापरून हा सगळा संच वाजवतो.

आज मात्र कित्येक गाण्यांतील ड्रम कोणी प्रत्यक्ष वाजवलेले नसतात. ते संगणकावर 'लिहिलेले' असतात. हे कसे घडते, ते आपण पाहू.

१९८० साली अमेरिकेतील रॉजर लिन यांनी एक तालयंत्र तयार केले. खऱ्या ड्रमचे आवाज त्यात साठवलेले होते. पण त्या काळी एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहज जोडता येत नसे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी यावर उपाय काढण्यासाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात दोन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये तारेने जोडण्यात आली. एकाची पट्टी दाबताच दुसरे वाजू लागले! वाद्यांच्या या समान भाषेला 'मिडी' म्हणतात.

मिडीमध्ये आवाज नसतो, फक्त सूचना असतात. कोणता ड्रम वाजवायचा, केव्हा वाजवायचा आणि किती जोराने वाजवायचा, एवढेच ती सांगते. प्रत्येक ड्रमला क्रमांक असतो. रूढ पद्धतीप्रमाणे मोठ्या ढोलाचा क्रमांक ३६, तर स्नेअरचा ३८ आहे. आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांनी दाखवतात. सूचना मिळताच संगणकातील सॉफ्टवेअर त्या ड्रमचा साठवलेला आवाज ऐकवते.

समजा, आपण सर्व आघातांचा जोर १२७ ठेवला आणि प्रत्येक आघात अगदी अचूक वेळी लिहिला. मग ठेका उत्तम होईल का? नाही. तो घड्याळाच्या टिकटिकीसारखा निर्जीव वाटेल. कारण माणूस असे वाजवत नाही. त्याचे दोन आघात कधीही तंतोतंत सारखे नसतात. काही मात्रांवर तो जोर देतो, तर मधले आघात हलके ठेवतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर प्रत्येक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. त्यातही वादकाचा हात सेकंदाच्या काही हजारांश भागाने मागेपुढे होतो.

म्हणून ठेका लिहिणारा प्रत्येक आघाताचा जोर थोडा वेगळा ठेवतो. काही आघात तो किंचित पुढे-मागे सरकवतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच ड्रमचे अनेक आवाज साठवलेले असतात. ते आळीपाळीने वाजतात. त्यामुळे तोच आवाज पुन्हा पुन्हा आल्यासारखे वाटत नाही.

पण आघात मनाला येतील तसे सरकवून चालत नाही. जर्मनीतील संशोधकांनी २०११ साली याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाच्या वाजवण्यातील हे सूक्ष्म फरक एकमेकांशी निगडित असतात आणि श्रोत्यांना तसेच फरक अधिक आवडतात, असे त्यात आढळले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वादकाला हात दोनच असतात! नवशिके लोक स्नेअर, हाय-हॅट आणि मोठी झांज हे तिन्ही आघात एकाच क्षणी काड्यांनी वाजल्यासारखे लिहितात. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे, हे त्याला जाणवते.

अशा यंत्रांमुळे अनेक तालवादकांचे काम कमी झाले, हे खरे आहे. परंतु सॉफ्टवेअरमध्ये साठवलेले ते आवाज कोणा वादकानेच तासन्‌तास बसून वाजवलेले असतात. शिवाय ज्याने वादकाचे हात नीट पाहिले नाहीत आणि त्याचा ठेका कान देऊन ऐकला नाही, त्याला संगणकावर जिवंत ठेका लिहिता येत नाही. यंत्र सूचना पाळते. ताल मात्र माणसाकडूनच शिकावा लागतो.