तुकईथडचं हायकोर्ट कुठे?

तुकईथड हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं गाव, अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज लाईनीवरचं. पलीकडे मेळघाट आणि धारणी. हद्द ओलांडायला वेळ लागत नाही. पण हायकोर्टात जायची पाळी आली की वाटा फुटतात. धारणीचा माणूस नागपूर खंडपीठाकडे जातो. तुकईथडच्या माणसाला जबलपूर गाठावं लागतं, सुमारे 500 किलोमीटर. निम्म्याहून कमी अंतरावर इंदूरला खंडपीठ आहे, पण आपला जिल्हा त्याच्या यादीत नाही!

असं का, याचं उत्तर जुन्या नकाशात आहे. 1956 पूर्वी खंडवा-बुऱ्हाणपूर म्हणजे पूर्व निमाड मध्य प्रांतात होता आणि त्याचं हायकोर्ट होतं नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला बसलं. 1968 मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने इंदूर व ग्वाल्हेरला कायम खंडपीठं झाली. इंदूरच्या वाट्याला जुन्या मध्य भारतातले जिल्हे आले. त्यात पश्चिम निमाड, म्हणजे खरगोन, आहे. पूर्व निमाड नाही. 2003 मध्ये बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कोर्ट तेच राहिलं. जी राज्यं केव्हाच विरघळली, त्यांच्या सीमा आजही पक्षकाराने कुठली गाडी पकडायची ते ठरवतात.

हायकोर्टात काय जातं? सेशन कोर्टाने नाकारलेला जामीन, जमिनीचं दुसरं अपील आणि सरकारी हुकुमाविरुद्धची रिट. जानेवारी 2025 मध्ये बुऱ्हाणपूरच्या एका आदिवासी कार्यकर्त्याच्या तडीपारीचा हुकूम जबलपूरला रद्द झाला आणि राज्य सरकारला 50,000 रुपये खर्च भरायला सांगितला गेला. निकाल चांगलाच, पण तोवर हुकूम निघून जवळजवळ वर्ष झालं होतं.

साम्यवाद जाऊन लोकशाही आलेल्या पोलंडमध्ये न्यायसुधारणेचं भांडण न्यायाधीशांच्या खुर्चीवरून झालं. सर्वोच्च न्यायालयातलं निवृत्तीवय सरकारने 70 वरून 65 वर आणलं, आणि 2019 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ते नियमबाह्य ठरवलं. आपल्याकडेही नेमणुकांवर वाद भरपूर होतात, पेपरात तेच छापून येतं. खुर्ची किती लांब आहे, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही.

वाट नाही असं नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51 नुसार राष्ट्रपती कायम खंडपीठ स्थापू शकतात. शिवाय राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती दुसऱ्या ठिकाणी न्यायाधीश बसवू शकतात. याच दुसऱ्या वाटेने 1981 मध्ये औरंगाबादला आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला कामकाज सुरू झालं. कोल्हापूरकरांनी त्यासाठी चाळीसेक वर्षं घासली. आपल्याला तर नवी इमारतही नको. इंदूरच्या यादीत जिल्ह्याचं नाव घातलं की झालं. पण काम गेलं की मूळ गावच्या वकिलांची मिळकत जाते, म्हणून असे बदल अडतात, असं मला वाटतं.

तोपर्यंत दोन गोष्टी लक्षात ठेवा, मित्रांनो. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलंय की व्हिडिओवरून सुनावणीची सोय कोणत्याही हायकोर्टाला नाकारता येणार नाही. तेव्हा वकिलाला ते आधीच विचारा. आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, हायकोर्टातसुद्धा. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात, बुऱ्हाणपूरलाच करता येतो.