अंगणातून दीर्घिकांचे दर्शन

चैत्र-वैशाखातील निरभ्र रात्री सिंह राशी आणि स्वातीचा तारा यांच्या दरम्यान ‘अरुंधती केश’ हा अंधुक तारकासमूह डोक्यावर येतो. त्याच दिशेस, परंतु त्या ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडे, हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक समूह आहे. त्याचे अंतर सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षे! आज आपल्यापर्यंत येणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉरही अवतरले नव्हते.

या समूहाने विज्ञानाला एक कोडे घातले. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी त्यातील दीर्घिकांच्या वेगांचा विचार करून असे अनुमान काढले की, दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र बांधून ठेवण्यास अपुरे आहे. तेथे न दिसणारे द्रव्यही असले पाहिजे. पुढे १९५८ मध्ये जॉर्ज एबेल यांनी पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांवरून अशा २,७१२ समूहांची सूची प्रसिद्ध केली. तीत याचा क्रमांक १,६५६ आहे.

तेव्हा ज्यासाठी वेधशाळा लागे, ते आज आठ इंची दुर्बीण बाळगणाऱ्या हौशी निरीक्षकाच्या आवाक्यात आले आहे. जुन्या काचेच्या छायापट्टीवर शंभरातील एखाददुसराच प्रकाशकण नोंदला जाई. आजचा इलेक्ट्रॉनिक संवेदक त्यांतील निम्म्याहून अधिक टिपतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे सरकतात, म्हणून दुर्बीण यंत्राच्या साहाय्याने त्यांच्यामागे फिरवावी लागते. काही मिनिटांचे एकेक छायाचित्र, अशी अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकमेकांशी जुळवितात. सोळा छायाचित्रांची सरासरी काढली, तर चित्रातील अनियमित कण एकचतुर्थांशावर येतात आणि मंद दीर्घिका हळूहळू उमटू लागतात. तारे टोकदार बिंदूंसारखे, तर दीर्घिका लंबगोल, धूसर ठिपक्यांसारख्या दिसतात. मध्यभागी दोन महाकाय दीर्घिका उठून दिसतात.

येथे खरा शत्रू अंतर नव्हे, उजेड होय. कोट्यवधी वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश अखेरच्या क्षणी शहराच्या दिव्यांत बुडून जातो. म्हणूनच विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मिळालेली मान्यता मोलाची आहे. मात्र अंधाराचे रक्षण केवळ अरण्यातच करावयाचे असे नाही. अंगणातील दिव्यावर झाकण घालून त्याचा उजेड जमिनीकडे वळविला आणि काम संपताच तो मालविला, तर शेजारच्या जिज्ञासू मुलाला आकाशाचा एक तुकडा परत मिळेल.