कातरकामातली चूक

कंबर दुखते म्हणून माणूस महिनोन्‌महिने मलम चोळत बसतो आणि एक दिवस नुसतं वाकायचं निमित्त होऊन मणका दबतो. मायलोमाचं निदान बरेचदा असं, हाडांच्या डॉक्टरकडे गेल्यावर होतं. मुळात हा आजार हाडांचा नाहीच. अस्थिमज्जेत राहून प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग.

या पेशींचं घराणंच धाडसी. इतर पेशी आपला डीएनए जिवापाड जपतात. प्लाझ्मा पेशी ज्यांच्यापासून होतात त्या बी पेशी मात्र तो मुद्दाम कापतात. जंतूला साजेसं प्रतिपिंड हवं, तर 14व्या गुणसूत्रावरचं जनुक कातरायचं, मधला तुकडा टाकायचा, टोकं पुन्हा जोडायची. दिवसभर कात्री चालवणाऱ्या शिंप्याकडून एका गिऱ्हाइकाचं कापड दुसऱ्याच्या सदऱ्याला शिवलं जावं, तसा कधी 11व्या गुणसूत्राचा तुकडा इथे येऊन चिकटतो. त्यावर असतं सायक्लिन डी1, पेशीला विभाजनाची घाई लावणारं जनुक. आणि 14व्यावरचं बटण तर प्लाझ्मा पेशीत कायम चालूच!

सुमारे निम्म्या रुग्णांत गोष्ट वेगळी: 3, 5, 7, 9 अशा विषम क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या जादा प्रती.

पण एवढ्याने कर्करोग होत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात पन्नाशी ओलांडलेल्या दर शंभरांत तिघांच्या रक्तात अशा पेशींचं एकसाची प्रथिन सापडलं; त्यांतल्या साधारण एक टक्का लोकांनाच दर वर्षी पुढचा आजार होतो. केआरएएस किंवा एनआरएएस हे जनुक बिघडलं की पेशी बेलगाम होते. 17व्या गुणसूत्रावरचा टीपी53 हा पहारेकरीच गेला, तर मात्र मामला कठीण.

मायलोमाचा चुलतभाऊ म्हणावा अशा वाल्डेनस्ट्रॉम आजारात नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत एमवायडी88 जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. 2012 साली हे उघड झालं.

मायलोमातली गुणसूत्रांची चुकीची जोडणी प्रयोगशाळेत दिसते ती ठिपक्यांत. ‘फिश’ चाचणीत एका गुणसूत्राला लाल, दुसऱ्याला हिरवा रंग देतात. निरोगी पेशीत ठिपके सुटे. चुकीची जोडणी झाली असेल तिथे लाल-हिरवा एकत्र येऊन पिवळा. त्या पिवळ्या ठिपक्याला किंमत आहे: व्हेनेटोक्लॅक्स हे औषध 11 आणि 14 जुळलेल्यांत अधिक चालतं.

हे बदल आयुष्यात कधीतरी त्या पेशींतच घडलेले असतात, मुलांकडे जात नाहीत. तेव्हा मुलांच्या तपासण्यांसाठी धावाधाव नको. रुग्णाच्या मज्जेची फिश चाचणी झाली का, एवढं मात्र उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.