शेंगा मऊ शिजू द्या

फरसबीची भाजी किती वेळ शिजवावी, यावरून गेल्या नाताळात आमच्या घरी जवळजवळ भांडणच झालं. एका बाजूला आत्या. वय सत्त्याहत्तर, सारा जन्म वसईच्या वाडीत गेलेला. दुसऱ्या बाजूला माझी धाकटी बहीण, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अटलांटा शहरी राहणारी, सहा वर्षांनी घरी आलेली. तिला म्हणे तिथल्या शेजारणीकडून शिकलेल्या शेंगा सगळ्यांना करून घालायच्या होत्या. फरसबी, कांदा आणि बेकन, म्हणजे मिठात मुरवून धुरावर धरलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्या. आणि शिजवायच्या किती वेळ? तर चांगला तासभर.

‘‘तासभर?’’ आत्या म्हणाली, ‘‘शेंगा शिजवतेस की गोधड्या उकळतेस? दहा मिनिटांत होते ती भाजी. खोबरं घालायचं आणि उतरवायची.’’

आत्याचं खरंच होतं. कोवळ्या शेंगेला दहा मिनिटं पुरतात. पण त्या दिवशी घरात कोवळी शेंग नव्हती. वाडीत काठ्यांवर चढवलेल्या फरसबीच्या दोन ओळी होत्या. त्यातली एक आत्या दरवर्षी बियाण्यासाठी राखते, दुसरी घरात खायला. यंदा मात्र दहा-बारा दिवस कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. वाडीचं काय करायचं, ठेवायची की द्यायची, याची बोलणी चालली होती. बहीण आली होती तीही काहीशी त्याचसाठी. त्या गडबडीत खायच्या ओळीतल्या शेंगाही जून झाल्या. आत बी फुगलेलं, कडेची शीर दोऱ्यासारखी जाड. मुंबईत नेल्या असत्या तर कोणी हात लावला नसता.

‘‘अशाच लागतात,’’ बहीण म्हणाली. मग आत्याचा नाइलाज झाला.

गरिबाच्या चुलीवरची युक्ती

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शेंगांची ही तऱ्हा घरोघर चालते. जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी, केंटकी, कुठेही जा, रविवारच्या जेवणात मऊ शिजलेल्या, हिरवेपणा जाऊन शेवाळी झालेल्या शेंगांचा वाडगा असतोच. बेकन नसेल तर खारवलेली चरबी, नाहीतर डुकराच्या पायाचं हाड. हल्लीच्या पाकपुस्तकांना शेंग दाताखाली कुरकुरणारी हवी असते. त्यांच्या हिशेबाने ही भाजी केव्हाच बिघडलेली. पण तिथल्या आज्यांना ती तशीच हवी असते.

ही आवड नुसती जिभेची नाही. फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून निसटलेले आणि पुढे तिच्याविरुद्ध आयुष्यभर लढलेले थोर वक्ते. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत त्यांनी मेरीलँडमधल्या मळ्यावरच्या गुलामांचा शिधा नोंदवून ठेवला आहे. मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढ्या मोलाचे मासे, आणि मक्याचं पीठ. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. दिवसाला सव्वाशे ग्रॅमही नाही, आणि काम पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. तेव्हा मांसाचा तुकडा हे जेवण नव्हे, ती फोडणी. खोपटाशेजारी पिकवलेली भाजी मोठ्या भांड्यात, तिच्यात खारवलेल्या मांसाचा लहानसा तुकडा आणि भरपूर पाणी. चव सगळ्या भांड्याला, वाटा सगळ्या माणसांना. शेंगांचं उरलेलं पाणीही फेकायचं नाही. त्याला तिथे ‘पॉट लिकर’ म्हणतात. मक्याची भाकरी त्यात बुडवून खातात. डोंगराळ भागातली गरीब गोरी कुटुंबंही असंच शिजवत. ती शेंगा दोऱ्यात ओवून वाळवत आणि हिवाळ्यात भिजवून शिजवत. त्या वाळक्या शेंगांना ‘चामड्याच्या विजारी’ असं गमतीचं नाव आहे.

हे सगळं बहीण सांगत होती आणि आत्या शेंगांच्या शिरा काढत ऐकत होती. मध्येच म्हणाली, ‘‘म्हणजे आपला जवळाच की!’’

मला वाटतं, साऱ्या चर्चेचं सार त्या एका वाक्यात आलं. जवळा घातलेलं वांगं, सुकट घातलेला दुधी, बोंबलाचे तुकडे घातलेली शेवग्याची शेंग, ही कोकणपट्टीची रोजची जेवणं. सोडे घातलेलं वांगं तर सीकेपी घरांची शान. मूठभर सुकी मासळी भांडंभर भाजीला चव देते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, बाजारात ताजी मासळी महाग होते, तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली ही मूठच घर चालवते. मिसिसिपीच्या काठी जे काम खारवलेली चरबी करते, तेच अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुकट करते. दोन्हीकडे मीठ, ऊन नाहीतर धूर, आणि काटकसर.

वसईचं ताट

वसईच्या ख्रिस्ती घरांत डुकराचं मांस नवं नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत इथली भाषा, पेहराव, आडनावं आणि स्वयंपाक यांच्यात जे मिसळलं ते मिसळलंच. ‘कुपारी’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’वरून आल्याचं मानतात. लग्नात आणि नाताळात इंदियाल, सोरपोतेल हे पदार्थ, जोडीला फुगे, हे आमच्याकडे ठरलेलं. इथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतलं मांस असं बाटलीतल्या मसाल्यात, लसणीत आणि शिरक्यात मुरतं. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, धणे-खसखशीपासून दगडफूल-नागकेशरापर्यंत वीस-पंचवीस जिन्नस भाजून कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे. त्या मसाल्याला नावही बाटलीचंच पडलं.

मात्र बेकन आमच्या आज्यांना ठाऊक नव्हतं. सणाचं मांस उरलं की त्यातले चरबीचे तुकडे दुसऱ्या दिवशी पापडीच्या नाहीतर घेवड्याच्या शेंगांत पडत. त्याला काही नाव नव्हतं. ‘कालचं घातलेली भाजी’ एवढंच. सणापेक्षा ही दुसऱ्या दिवशीची भाजीच आम्हा मुलांना आवडायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आणि शेंग? वाल, म्हणजे पापडी, आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहे. थंडीत रायगडात पोपटी लागते ती वालाच्याच शेंगांची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे भरून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. डहाणूच्या पुढे गुजरातच्या वाटेला लागलात की अशाच तऱ्हेचं उंबाडियुं मिळतं. फरसबी मात्र पाहुणी. तिचं मूळ अमेरिका खंडात, आणि नाव इंग्रजीतल्या ‘फ्रेंच बीन्स’चं मराठी रूप. म्हणजे बहिणीने अटलांटाहून जी पाककृती आणली, तिच्यातली शेंग तिकडूनच कधीतरी निघून, समुद्र ओलांडून आत्याच्या वाडीत येऊन रुजलेली होती.

अखेर टोप चुलीवर चढला

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. अर्धा किलो फरसबी घ्या. जून असली तरी चालेल, पण दोन्ही कडांच्या शिरा नीट काढा आणि बोटभर लांबीचे तुकडे हाताने मोडा. शंभर ग्रॅम बेकन लागेल. वसई-वांद्र्याच्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत ते मिळतं. त्याचे लहान तुकडे करून थंड टोपात टाका आणि मग मंद आच लावा. भांडं आधी तापवलं तर मांस करपतं आणि चरबी आतच अडकते. थंडीतून सुरुवात केली की ती सावकाश सुटते. वेगळं तेल लागत नाही.

तुकडे तांबूस झाले की त्यांतले थोडे वरून पेरायला काढून ठेवा. उरलेल्यांत एक मोठा चिरलेला कांदा आणि चार लसणीच्या पाकळ्या परता. मग शेंगा, मिरपूड, एक सुकी मिरची आणि शेंगा जेमतेम बुडतील इतकं पाणी. उकळी आली की आच कमी करून झाकण ठेवा. कोवळ्या शेंगांना अर्धा तास पुरे, जुन्यांना तास लागतो. शेवटच्या वीस मिनिटांत दोन बटाट्यांच्या फोडी घाला. मीठ अगदी शेवटी, तेही चाखून. बेकनमध्ये मुळातच भरपूर मीठ असतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शिरका, चिंच, कोकम, टोमॅटो, असं कुठलंही आंबट शेंग मऊ होण्याआधी घालू नका. आंबटाने शेंगेचा ताठरपणा टिकतो, मग कितीही शिजवा. चमचाभर शिरका घालायचा तो उतरवताना. हिरवा रंग टिकावा म्हणून काही जण सोडा टाकतात, तोही नको. रंग राहतो, पण जीवनसत्त्वं जातात आणि शेंगेचा लगदा होतो. रंग जाणारच, तो जाऊ द्यावा.

पथ्याचंही सांगायला हवं. बेकन ही रोज खायची वस्तू नव्हे. अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली कर्करोगाला कारण होणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं आहे. रक्तदाबवाल्यांना मीठही जास्त. सणासुदीला एकदा, तेही चवीपुरतं. ज्या घरांत डुकराचं मांस चालत नाही, त्यांनी मूठभर सोडे किंवा सुकट भाजून घालावी. शाकाहारी घरांनी लसूण तेलात तांबूस परतून घ्यावी आणि भाजीवर निखाऱ्याची धुरी द्यावी. शेंगा मात्र तशाच सावकाश शिजवाव्यात.

वाडीचा प्रश्न

टोप मंदपणे रटरटत होता आणि माणसं आपसूक चुलीभोवती जमली. दहा मिनिटांच्या भाजीला कोणी असं बसत नाही.

बोलणं पुन्हा वाडीवर आलं. वसईची ही गोष्ट घराघरांतली आहे. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल धावू लागली. इथला भाजीपाला, फुलं, केळी, पानं याच रेल्वेने मुंबईत गेली. पहाटेच्या गाडीत टोपल्या घेऊन चढणाऱ्या लुगड्यातल्या बायका हेच कितीतरी वर्षं वसईचं चित्र होतं. आत्याही त्यांच्यातली. मग त्याच रेल्वेने मुंबईची माणसं इकडे आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या झेंड्याखाली इथल्या हिरवाईसाठी लढा दिला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर २०२४च्या जुलैत गेले. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेतच शहराने बारा लाखांचा आकडा ओलांडला होता. कुठे बावखलं बुजली, कुठे विहिरींचं पाणी खारं झालं. विकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण वाडी कसायला माणूस नाही, मुलं परदेशात, आणि भाजीच्या पैशात औषधंसुद्धा येत नाहीत, तेव्हा त्याने काय करावं?

हे सगळं आत्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून ती वाद घालत नाही. तिने वाडगा पुढे ओढला, तांदळाची भाकरी शेंगांच्या पाण्यात बुडवली आणि एक घास खाल्ला. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

‘‘मऊ झाल्यात,’’ ती म्हणाली. ‘‘दात नसलेल्या माणसाला चांगल्या.’’ आणि तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

वाडीचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. अजूनही झालेला नाही. बियाण्याच्या ओळीतल्या शेंगा मात्र जानेवारीत वाळल्या. आत्याने त्या सोलून बी राखेत घोळवलं आणि त्याच्या तीन पुरचुंड्या केल्या. एक स्वतःला, एक माझ्या गच्चीतल्या कुंड्यांसाठी. तिसरी बहिणीसाठी होती, पण परदेशी बियाणं अमेरिकेत परवान्याशिवाय नेता येत नाही. म्हणून तीही आत्याच्याच फळीवर आहे, मसाल्याच्या बाटल्यांशेजारी. ‘‘पुढच्या डिसेंबरात ये,’’ आत्याने तिला फोनवर सांगितलं, ‘‘तुझ्या हाताने पेर. आणि या खेपेला कोवळ्या असतानाच तोडू.’’