फॉस्टर ते हक्काचं घर

रस्त्यावरून उचललेलं पिल्लू थेट नव्या घरी पाठवू नये. मध्ये काही आठवडे फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं घर, हवंच. पार्वो या विषाणूची लागण झालेली असली तरी लक्षणं दिसायला आठवडाभर, कधी त्याहून जास्त वेळ जातो. तोवर त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवावं. जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांचं झाल्यापासून पार्वो-डिस्टेंपरच्या लशी आणि तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, या सगळ्याची नोंद नव्या घरी सोबत द्यावी.

पण मोठं काम त्या नोंदीत दिसत नाही. कुकरच्या शिट्टीला न घाबरणं, जिना चढणं, पट्टा बांधून घेणं, थोडा वेळ एकटं राहणं हे सगळं पिल्लू फॉस्टरच्या घरी शिकतं. असं तात्पुरतं घर देणाऱ्या माणसांचं मोल फार कमी जण ओळखतात.

दत्तक देताना घरातल्या सर्वांची संमती आहे का ते विचारा, नसबंदीचं लेखी वचन घ्या. नव्या घराच्या सोसायटीने हरकत घेतली, तर लक्षात असू द्या: सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

कायमचं दत्तक घेणं जमत नसेल, तर महिनाभर फॉस्टर तरी व्हा.