जमीन नवी, वायरींचे काय?

दिवाणखान्यात लाकडी रंगाची नवी जमीन अंथरून होते, कडेच्या पट्ट्या बसतात, कारागीर हिशेब चुकता करून निघून जातात. दुसऱ्या दिवशी टीव्ही जागेवर ठेवताना घरच्यांच्या लक्षात येते, की इंटरनेटची केबल येते दाराजवळच्या कोपऱ्यात आणि टीव्ही आहे समोरच्या भिंतीवर. मधले पंधरा फूट पार करायचे कसे? मग नव्या कोऱ्या स्कर्टिंगवर खिळे ठोकून पांढरी वायर फिरवली जाते, किंवा ती गालिच्याखालून नेली जाते. पहिल्या उपायाने शोभा जाते. दुसऱ्या उपायात घरातील वडीलधाऱ्यांचा पाय अडकून पडण्याचा धोका कायमचा घरात येतो.

जमीन बदलण्याचे काम जेमतेम दोन-तीन दिवसांचे असते. पण त्या दिवसांत जुनी स्कर्टिंग उघडी असते, सामान हललेले असते आणि भिंतीचा पायथा मोकळा असतो. वायरी नीट दडविण्याची अशी संधी पुन्हा दहा-पंधरा वर्षे येत नाही. म्हणूनच फळ्यांचा रंग निवडण्याआधी वायरींचा विचार व्हायला हवा.

तरंगती जमीन

लॅमिनेट फ्लोअरिंगचा जन्म स्वीडनमधला. पर्स्टॉर्प या कंपनीने १९७७ साली ते विकसित केले. दाट दाबलेल्या लाकूडतंतूंचा गाभा, त्यावर लाकडाच्या रेषांचे छापील चित्र आणि सर्वांत वर झीज सोसणारा पारदर्शक थर, अशी या फळीची रचना असते. घरासाठी साधारणतः ८ ते १२ मिलिमीटर जाडीच्या फळ्या वापरतात. त्या एकमेकींत खटक्याने अडकतात. खालच्या फरशीला खिळ्याने किंवा गोंदाने जोडल्या जात नाहीत. जुन्या मोझॅक किंवा सिरॅमिक लाद्यांवर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा फोम पसरून त्यावर ही जमीन अक्षरशः तरंगत असते. लाद्या फोडाव्या लागत नाहीत, हेच तिच्या लोकप्रियतेचे मोठे कारण.

मात्र लाकूडतंतू हवेतील ओलावा शोषून फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता वारंवार ८५ टक्क्यांच्या वर जाते. तेव्हा ही जमीन चारही बाजूंनी किंचित पसरते. तिला पसरायला जागा मिळावी म्हणून भिंतीलगत ८ ते १२ मिलिमीटरची फट सोडतात आणि ती स्कर्टिंगने झाकतात.

याच फटीचा मोह अनेकांना पडतो. वायर आत दाबायची, वर पट्टी ठोकायची, काम झाले! पण संगणकाच्या जोडणीसाठी वापरली जाणारी लॅन केबल सुमारे ६ मिलिमीटर जाड असते. १० मिलिमीटरच्या फटीत ती कोंबली, तर जमिनीला हलायला उरतात अवघे ४ मिलिमीटर. पावसाळ्यात फळ्या पसरल्या की एकतर केबल चेपली जाते, नाहीतर खोलीच्या मध्यभागी फळ्यांचे सांधे उचलले जाऊन जमिनीला फुगवटा येतो. ती फट रिकामी दिसत असली, तरी तिचे काम ठरलेले आहे. ती मोकळीच राहिली पाहिजे.

काय लपवावे, काय लपवू नये

सर्व वायरी सारख्या नसतात. इंटरनेटची फायबर केबल, लॅन केबल, डिश किंवा केबल टीव्हीची वायर, दूरध्वनीची आणि स्पीकरची वायर या कमी दाबाच्या, केवळ संदेश वाहणाऱ्या वायरी. त्या स्कर्टिंगमागे निर्धास्तपणे नेता येतात. २३० व्होल्टची वीज वाहणारी वायर मात्र निराळी.

एक्स्टेन्शन बोर्डाची वायर फळ्यांखालून सरकवून देण्याचा उद्योग अतिशय धोक्याचा आहे. वीज वाहताना वायर तापते. मोकळ्या हवेत ही उष्णता निघून जाते. फोम आणि लाकूड यांच्यामध्ये ती कोंडली जाते. सर्वसाधारण वायरीचे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असते. त्यातच वरून सोफ्याचा भार आणि ऋतूनुसार हलणाऱ्या फळ्यांचे घर्षण. आवरण कुठे विरले, हे दिसण्याची सोय नाही आणि आजूबाजूला सगळे जळाऊ सामान! नवा प्लग हवाच असेल, तर परवानाधारक वायरमनकडून भिंतीत खाच पाडून, पाइपातून स्वतंत्र वायर आणणे हाच मार्ग. सोबत ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, आहे की नाही याचीही खात्री त्याच वेळी करून घ्यावी.

विजेची आणि संदेशाची वायर एकाच पाइपातून नेऊ नये. सुरक्षिततेचा प्रश्न तर आहेच. शिवाय विजेच्या वायरीमुळे लॅन केबलमधील संदेशात व्यत्यय येऊ शकतो. दोन्हींत काही इंचांचे अंतर असावे आणि त्या एकमेकींना ओलांडणारच असतील, तर काटकोनात ओलांडाव्यात.

स्कर्टिंगमागची वाट

दडविण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे स्कर्टिंगची पाठ. ६० ते ८० मिलिमीटर उंचीच्या, मागून पोकळ असलेल्या पीव्हीसी किंवा एमडीएफच्या पट्ट्या बाजारात मिळतात. काहींमध्ये केबलसाठी खास खोबण असते, तर काही चिमट्यांवर बसतात आणि केव्हाही उघडता येतात. केबल जमिनीच्या फटीत न सोडता फळ्यांच्या पातळीच्या वर, भिंतीला क्लिपांनी अडकवावी. पट्टीही भिंतीलाच पक्की करावी, फळ्यांना नव्हे.

आपल्याकडील जुन्या घरांत चार इंची लाद्यांची स्कर्टिंग सिमेंटने बसविलेली असते. ती फोडण्याचा खटाटोप न करता तिच्यावरच पोकळ पट्टी चढविता येते. मात्र पट्टी ठोकणारा सुतार आणि केबल टाकणारा माणूस बहुधा वेगवेगळे असतात. सुताराला केबलची रेषा ठाऊक नसेल, तर त्याचा पहिलाच स्क्रू तिच्या पोटात जाण्याचा संभव असतो. भिंतीवर पेन्सिलीने रेषा आखून ठेवल्यास हा अपघात टळतो.

कोपऱ्यांवरही लक्ष हवे. लॅन केबल तिच्या जाडीच्या चौपटीहून लहान त्रिज्येत वाकवू नये. म्हणजे वळण किमान इंचभर त्रिज्येचे असावे. फायबर तर काचेच्या तंतूची. घरगुती वापराच्या फायबर वाकणे बऱ्यापैकी सोसतात, पण काटकोनात दुमडल्यास प्रकाश गळतो किंवा तंतू मोडतो. ती घरच्या घरी जोडता येत नाही, त्यामुळे टोकाशी मीटरभर वेटोळे राखून ठेवणे शहाणपणाचे.

दार आणि खोलीचा मध्य

स्कर्टिंगची वाट दाराशी खुंटते. शेजारच्या खोलीत जायचे असेल, तर दाराला वळसा घालण्यापेक्षा मधल्या विटांच्या भिंतीला जमिनीलगत आरपार भोक पाडून त्यात पाइपाचा तुकडा बसविणे सोपे. मात्र काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला हात लावू नये. भोकाच्या दोन्ही तोंडांशी उरलेली फट बुजवावी. झुरळांना आणि मुंग्यांना तेवढीच वाट पुरते.

खोलीच्या मधोमध असलेल्या टेबलापर्यंत केबल न्यायची असेल, तर फोम कापून तीत ती बसविण्याची युक्ती टाळावी. खालचा पृष्ठभाग दोन मीटर लांबीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक उंचसखल नसावा, ही लॅमिनेटची मुख्य अट आहे. उंचवट्यावर फळी सतत लवते आणि तिचा खटका तुटतो. अशा वेळी जुन्या लाद्यांत चर पाडून, २० किंवा २५ मिलिमीटरचा पाइप टाकून, सिमेंटने पृष्ठभाग समपातळीत आणावा. चर लादीखालच्या मालापुरताच असावा, स्लॅबच्या सळ्यांपर्यंत जाऊ नये. न्हाणीघराजवळ तर तो नकोच. सिमेंट पूर्ण वाळल्याशिवाय फळ्या अंथरू नयेत, कारण त्यातील ओल त्या शोषून घेतात आणि एकदा फुगलेली फळी मूळ आकाराला येत नाही. पाइपात एक मजबूत दोरी सोडून ठेवल्यास पुढे नवी केबल ओढता येते. सांधा मात्र जमिनीखाली कधीही ठेवू नये.

झाकण्यापूर्वी

काम सुरू करण्याआधी जुन्या वायरींची छाननी करावी. बंद पडलेला दूरध्वनी, सोडून दिलेली इंटरनेट जोडणी यांच्या मृत वायरी अनेक घरांत वर्षानुवर्षे भिंतींवर असतात. त्या लपविण्यापेक्षा काढून टाकाव्यात. नव्या लॅन केबलमध्ये शुद्ध तांबे आहे ना, हे पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण ठिसूळही. पैशांची बचत करण्याची ही जागा नव्हे.

पट्टी बसण्यापूर्वी प्रत्येक केबल प्रत्यक्ष उपकरणाला जोडून तपासावी. भिंतीशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रे काढावीत आणि कोणती केबल कुठून कुठे गेली, याचा साधा आराखडा मीटरच्या पेटीच्या दारामागे चिकटवावा. चार वर्षांनी पडद्याचा दांडा किंवा कपाट बसविताना ड्रिल कुठे चालवायचे नाही, हे त्या कागदावरून कळते.

जमीन अंथरल्यानंतर पुसण्याची पद्धतही बदलावी लागते. बादलीभर पाणी ओतून लादी धुण्याची सवय इथे चालत नाही; घट्ट पिळलेले फडके पुरे. कडेने झिरपलेले पाणी फळ्याही नासवते आणि पट्टीमागच्या जोडण्याही.

या साऱ्यासाठी लागणारा पाइप, पोकळ पट्टी आणि क्लिपा यांचा खर्च संपूर्ण जमिनीच्या खर्चापुढे किरकोळच असतो. गरज असते ती गवंडी, सुतार, वायरमन आणि इंटरनेटवाला या चौघांना काम सुरू होण्यापूर्वी एकदा एकत्र उभे करण्याची. नीट दडविलेली वायर दिसू नये हे खरे, पण गरज पडताच ती सापडावी आणि बदलता यावी, हेही तितकेच खरे.