कोकमातील गार्सिनॉल : आशा आहे, औषध नव्हे

रत्नागिरी, प्रतिनिधी - कोकणच्या स्वयंपाकघरातील कोकम कर्करोग संशोधकांच्या प्रयोगशाळेत पोहोचले आहे. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल हे पिवळसर द्रव्य असते. आमसुलाचा लाल रंग मात्र अँथोसायनिनचा. अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर गार्सिनॉलचा प्रयोग केला, तेव्हा त्यांची वाढ रोखली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उंदरांमधील गाठींची वाढही मंदावल्याचे आढळले.

मात्र, काचपात्रातील पेशी आणि मानवी शरीर यांत मोठे अंतर आहे. प्रयोगात शुद्ध द्रव्य मोजून थेट पेशींवर सोडले जाते. सोलकढीतून पोटात गेलेला अंश पचनानंतर गाठीपर्यंत किती पोहोचेल, हा खरा प्रश्न आहे.

वनस्पतीपासून औषध घडतेही. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीत सापडलेल्या पॅक्लिटॅक्सेलला मानवी चाचण्यांनंतर १९९४ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. गार्सिनॉलची उपयुक्तता रुग्णांवर अद्याप सिद्ध झालेली नाही. म्हणून आमसूल आहारात जरूर असावे. पण त्यावर विसंबून गाठीची तपासणी लांबवू नये आणि सुरू असलेले उपचार थांबवू नयेत. अर्क वा गोळ्या घेण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.